ढब्बीचे पाय

२३ नोव्हेंबर, रविवार

माझ्या लेकीने, मित्राने, ही डायरी देताना सांगितलं होतं, "पप्पा, माझ्या पक्ष्यांचं रोज काहीतरी लिहून ठेवा. फोनवर विचारलं की तुम्ही नुसतं 'मजेत आहेत' म्हणता." पोरगी शिरपूरला फार्मसीला गेली, हॉस्टेलवर राहिली, आणि लव्हबर्डची जोडी मात्र बापाच्या गळ्यात बांधून गेली. इतके दिवस लिहिण्यासारखं काही नव्हतं. पक्षी खात होते, ओरडत होते, गॅलरीभर टरफलं उडवत होते.

आज लिहितो, कारण पिंजऱ्यातल्या घरट्याच्या मटक्यात पिल्लू निघालं. लालगुलाबी, डोळे मिटलेले, अंगावर एक पीस नाही. बायकोला, सपनाला, हाक मारली. तिने मटक्याच्या भोकातून पाहिलं आणि म्हणाली, "अगं बाई, हे तर सोललेलं दिसतंय." शाळेत पोरांना शिकवते आणि घरी असं बोलते.

माझ्या वडिलांना, नानांनाही उचलून गॅलरीत नेऊन दाखवावं असं वाटलं, पण नको. खुब्याच्या ऑपरेशनला अजून फार दिवस झालेले नाहीत. मोबाईलवर फोटो काढून पलंगापाशी नेऊन दाखवला. नानांनी फोटो लांब धरला, जवळ धरला आणि परत दिला. म्हणाले, "फोटोमा काय देखू?"

२७ नोव्हेंबर, गुरुवार

आणखी दोन निघाली. पहिलं सगळ्यात जाड, म्हणून त्याचं नाव ढब्बी. नर की मादी कोणाला कळणार, पण नानांनी पहिल्या दिवसापासून "बाई" म्हणायला सुरुवात केली आहे, तेव्हा मादीच.

मटक्याचा तळ आतून किती खरखरीत असतो ते बोट फिरवलं तेव्हा कळलं. उघड्या अंगाचं पिल्लू आणि त्याला भाजलेल्या मातीचा तळ. मी कामावरून, केळीच्या पॅकहाउसमधून, फोमचा तुकडा आणला, गोल कापला आणि तळाला बसवला. आम्ही केळीच्या दोन फण्यांमध्ये घालतो तोच, पांढरा, गुळगुळीत. ह्या फोममधून केळी बोटीत बसून आखातात जाते आणि तिकडे पेटी उघडतात तेव्हा सालीवर ओरखडा नसतो. नख लागलं तरी माल बाजूला काढायचा, असं मी पॅकिंगच्या बायांना रोज सांगतो. मग घरच्या पिल्लाला फोम नको?

नानांना मोठ्या कौतुकाने सांगितलं. नाना मूळचे शिरपूरकडचे. एसटीच्या डेपोत नोकरी लागली म्हणून रावेरला आले, इथेच निवृत्त झाले, पण बोली तिकडचीच ठेवली. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, मग आपल्या पलंगाकडे पाहिलं. त्यांच्याखाली मी हवेची गादी घातली आहे, कमरेला दोन्हीकडून उशा लावल्या आहेत आणि फरशीचा गारठा लागू नये म्हणून खोलीभर नवंकोरं चकचकीत रेक्झीन अंथरलं आहे. म्हणाले, "मी बी केळीच शे का? फोममा गुंडाळी ठेवं तू माले."

हसले नाहीत. मीही हसलो नाही. जळगावच्या डॉक्टरांनी वॉकर धरून रोज चालवा असं सांगितलंय खरं, पण डॉक्टर सगळ्यांना तेच सांगतात. पुन्हा पडले तर डॉक्टर येणार आहेत का उचलायला?

३ डिसेंबर, बुधवार

ढब्बीच्या पायांचं काहीतरी चुकतंय.

बाकीची दोन पाय पोटाखाली घेऊन बसतात. ही पोटावर पसरते आणि पाय दोन्हीकडे बाहेर, चकलीची शेपटं सुटल्यासारखे. डोळे उघडले आहेत, भूक जबरदस्त आहे, आई चारते तेव्हा मान उंच करते. पण उठायला गेली की पाय सरकतात आणि पुन्हा पोटावर. मी तासभर मटक्याला डोळा लावून बसलो होतो.

संध्याकाळी मित्राचा फोन आला. फोटो मागितला. मी फक्त तोंडाचा काढून पाठवला. तिने लगेच उत्तर पाठवलं, "किती गोड. आता पूर्ण पाठवा ना." रेंज नाही असं लिहिलं. रेंज नाही हे पाठवायला रेंज लागते, हे नंतर लक्षात आलं.

४ डिसेंबर, गुरुवार

पॅकहाउसला इसाकभाऊंना विचारलं. ते गाडीवर माल चढवून घेतात आणि घरी कबुतरं पाळतात. म्हणाले, "पाय फाकले का? मग साहेब, काढून टाका बाजूला. आईच चारणं सोडून देते. मी पाहिलंय." मग माझा चेहरा बघून म्हणाले, "नाहीतर जळगावला एक मॅडम आहेत, पक्ष्यांचंही पाहतात. पण लवकर जा. हाडं कडक झाली की मग काही होत नाही."

काढून टाका बाजूला. मी दिवसभर हेच तर करत असतो. डाग दिसला की फणी बाजूला. आज कोणाला तसं सांगताना जीभ अडखळत होती. उद्या रजा टाकली आहे.

५ डिसेंबर, शुक्रवार

केळीच्या पेटीला भोकं पाडली, गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून आत ठेवली, बाजूला ढब्बी. एसटीत मांडीवर पेटी धरून बसलो. सावद्यापर्यंत शेजारची बाई पेटीकडे पाहत होती, शेवटी म्हणाली, "दादा, केळी चिवचिवते का तुमची?"

डॉ. सादिया वयाने माझ्यापेक्षा बऱ्याच लहान. ढब्बीला त्यांनी तळहातावर उताणं धरलं, दोन्ही पाय हळूच जवळ आणले आणि सोडले. पाय पुन्हा बाहेर गेले. पहिला प्रश्न विचारला, "खाली काय घातलं होतं?"

मी फोमचं सांगितलं. थोडं अभिमानानेच सांगितलं, आता लाज वाटते. नमुना म्हणून खिशात तुकडाही होता, तो काढून दाखवला. त्यांनी त्यावर बोट घासलं.

"खूप मऊ आहे," त्या म्हणाल्या. "पण पिल्लाला मऊ नको असतं. पकड हवी असते. ते उठायला जातं, पाय सरकतो. पुन्हा जातं, पुन्हा सरकतो. मग पाय तसेच वाढतात. खरखरीत तळ असता तर त्याच्या पायांनी आपलं आपण शिकून घेतलं असतं."

"पण मी त्याला लागू नये म्हणून..."

"हो. सगळे त्यासाठीच करतात."

रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मग म्हणाल्या, अजून उशीर झालेला नाही, हाडं कोवळी आहेत. माझ्याच फोमचा छोटा चौकोन कापला, त्याला दोन चिरा दिल्या, त्यातून दोन्ही पाय घातले, म्हणजे पाय पोटाखाली सरळ राहतात, आणि वरून कागदी चिकटपट्टी गुंडाळली. ज्याने पाय बिघडले तोच फोम पायांना बांधून घेऊन ढब्बी परत आली. पट्टी मध्ये मध्ये बदलायची, कारण पिल्लू वाढतं, पट्टी वाढत नाही. आईला कॅल्शियमसाठी समुद्रफेस, उकडलेलं अंडं आणि पाला द्यायचा, नुसता राळा पुरत नाही. मटक्यात गोणपाटाचा तुकडा घालायचा, पण कडा शिवून, नाहीतर धाग्यात बोटं अडकतात.

"उभी राहील ना?" मी विचारलं.

"बहुतेक. पण एक लक्षात ठेवा. ती धडपडेल, पडेल, तेव्हा प्रत्येक वेळी उचलायला धावू नका."

घरी आलो तर सपना आणि नाना दोघं वाटच पाहत होते. डॉक्टरांचं सगळं बोलणं शब्दन्‌शब्द सांगितलं. मऊ नको, पकड हवी, उचलायला धावू नका, सगळं. सपना नानांकडे पाहत होती आणि नाना छताकडे. दोघांनाही फार पटलेलं दिसलं.

६ डिसेंबर, शनिवार

सकाळी विहारात गेलो. दरवर्षी आजच्या दिवशी वंदना नाना म्हणतात आणि बाकीचे मागून. या वेळी दुसऱ्या कोणी म्हटली. सगळे विचारत होते, नाना कुठे? मी काल रात्रीच त्यांना व्हीलचेअरचं सुचवलं होतं. दोन माणसं उचलून पायऱ्या चढवतील, काही अवघड नाही. नानांनी तोंड फिरवलं होतं. म्हणाले, "बाबासाहेबसना समोर मी मना पायवर जासू. नहीतर नही जाऊ."

हट्टी माणूस. मला परत येताना वाईट वाटत होतं आणि रागही येत होता.

घरी सपना मशीनवर बसून गोणपाट शिवत होती. मटक्याला तळहाताएवढा तुकडा पुरे, हिने अख्खी पोती उसवली होती. म्हटलं, एवढं कशाला? तर म्हणाली, "राहिलेलं नानांच्या खोलीत टाकते. थंडी वाढलीये." संध्याकाळी पाहिलं तर रेक्झीन गुंडाळून कपाटावर ठेवलेलं आणि पलंगापासून थेट गॅलरीच्या दारापर्यंत गोणपाटाची पट्टी, कडा शिवलेल्या, जमिनीला चिकटपट्टीने चिकटवलेली. नवं रेक्झीन काढून पोती अंथरणारी बाई मी पहिल्यांदाच पाहिली. पण शिक्षिकेशी वाद घालत नाही मी.

९ डिसेंबर, मंगळवार

धास्ती होती ती आईची. पट्टी बघून तिने पिल्लाला टाकलं तर? काल ती पट्टी चोचीने ओढत होती. आज कामावर चित्त नव्हतं. घरी आल्या आल्या नाना पलंगावरूनच म्हणाले, "पट्टीले दोनदा चोच मारी तिनी. मंग सोडी दिधं. आते चारस तिले, बठ्ठासनी पहिले तिलेच चारस."

सगळ्यांच्या आधी ढब्बीलाच चारते म्हटल्यावर केवढं हायसं वाटलं. मग लक्षात आलं की पलंगावरून गॅलरीतला पिंजरा दिसत नाही. शेजारच्या सुमनबाई दुपारी डोकावत असणार, त्यांनीच सांगितलं असेल. भली बाई. त्यांच्याकडे केळी पाठवायला हवीत.

१२ डिसेंबर, शुक्रवार

पट्टी बदलली. सपनाने ढब्बीला धरलं, मी गुंडाळली. तीनदा गुंडाळली, तीनदा सोडली, तेव्हा सपना म्हणाली, "अहो, पिल्लू शांत आहे, तुम्ही शांत व्हा." पाय आता जवळ राहतात, पण उजवा अजून थोडा बाहेर जातो. बोटं मिटते, उघडते. हिरवी पिसं फुटायला लागली आहेत, अंगभर टाचण्या टोचल्यासारखी.

नानांच्या चपला गॅलरीत होत्या आणि ओल्या होत्या. पक्ष्यांचं पाणी बदलताना सांडलेलं असणार. सुमनबाई आमच्या चपला घालतात हे मला फारसं आवडलं नाही, पण एवढी मदत करतात म्हटल्यावर बोलायचं कसं.

१३ डिसेंबर, शनिवार

सुमनबाईंना केळी नेऊन दिली आणि आभार मानले. त्या म्हणाल्या, "कशाचे?" किती मोठं मन आहे, असं घरी नानांनाही सांगितलं.

१८ डिसेंबर, गुरुवार

थंडी वाढली. थंडीने केळीची साल काळवंडते, माल अडकतो, सगळे एकमेकांवर खेकसतात. घरी आलो तर मित्राचा व्हिडिओ कॉल चालू होता, नाना बोलत होते. मला पाहून दोघंही एकदम गप्प. मग मित्रा म्हणाली, "पप्पा, मी अठ्ठावीसला येतेय. ढब्बीचे पाय कसे आहेत?"

मी हबकलो. तिला कोणी सांगितलं? सपना भाजी चिरत होती, मान खाली. तेव्हा मग सगळं कबूल केलं. फोम, जळगाव, पट्टी. वाटलं रडेल. तिने विचारलं, "तुम्ही एसटीने मांडीवर नेलं तिला?" "पप्पा, नाही उभी राहिली तरी ती माझीच आहे," म्हणाली.

अठ्ठावीसच्या आत उभी राहायलाच पाहिजे.

उद्या पट्टी काढायची आहे.

१९ डिसेंबर, शुक्रवार

पट्टी काढली. ढब्बी उभी राहिली नाही.

पाय आत आहेत, सरळ आहेत, पण ती बसूनच राहते. बाकीची दोन मटक्याच्या तोंडाशी येऊन बाहेर बघतात, ही मागे. मी दोनदा उचलून उभी केली, दोनदा बसली. डॉक्टरांना फोन केला. म्हणाल्या, "पायांत ताकद यायला वेळ द्या. आणि उचलू नका म्हणाले होते ना?" फोन ठेवल्यावर तिसऱ्यांदा उचलली.

मला खरंच भीती वाटते आहे. एका फोमच्या तुकड्यासाठी एक जीव आयुष्यभर पोटावर सरपटणार. जेवलो नाही. नाना जेवताना माझ्याकडे पाहत होते.

२० डिसेंबर, शनिवार

आज काय झालं ते नीट लिहायचं आहे.

तोडणी थांबली म्हणून पॅकहाउस लवकर बंद झालं. दुपारीच घरी आलो. पुढचं दार उघडंच होतं. चपला काढतच होतो तर गॅलरीतून नानांचा आवाज आला. पलंगाकडे पाहिलं. पलंग रिकामा. धावणार होतो, तेवढ्यात शब्द कानावर आले.

"ऊठ, बाई. घाबरू नको. तो घर नही शे आते."

मी जागीच थांबलो. दाराच्या फटीतून गॅलरी दिसत होती. नाना टेबलापाशी उभे होते. उभे. वॉकर भिंतीला टेकवलेला, एक हात टेबलावर. टेबलावर गोणपाटाचा तुकडा आणि त्यावर ढब्बी. नानांनी पाऊल उचललं, टेकलं, दुसरं उचललं, टेकलं. टेबलाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. मग वळून तिला म्हणाले, "देखं का? मी बी पडनू व्हतू पहिले. आते तू ये."

ढब्बीने मान पुढे केली. उठली. डोलली. माझे दोन्ही हात आपोआप पुढे आले, पण मध्ये दार होतं. ती कलंडली, पंख पसरून सावरली आणि पुन्हा उठली. नानांनी हात लावला नाही. नुसते वाकून पाहत होते. ती एक पाय टाकून दुसरा टाकत, हळूहळू, खरखरीत गोणपाटावर नखं रुतवत त्यांच्या बोटापर्यंत गेली आणि बोटाला चोच लावून उभी राहिली.

स्वयंपाकघराच्या दारात सपना होती. तिने मला पाहिलं. तिचा चेहरा उतरला, मी आता आरडाओरडा करणार असं तिला वाटलं असणार. मलाही तसंच वाटत होतं. पण "तो घर नही शे" एवढंच कानात राहिलं. माझ्याच घरात माझे वडील मी बाहेर गेल्यावर चालतात.

मी चपला हातात घेतल्या आणि मागच्या पावली बाहेर गेलो. अंगणाच्या फाटकाशी उभा राहिलो आणि फाटकाची कडी इतकी जोरात वाजवली की समोरच्यांचा कुत्रा उठला. मग खोकलो. मग फोनवर कोणाशी तरी बोलतो आहे असं मोठ्याने बोललो. आतून सपनाचा तेवढाच मोठा आवाज आला, "आलात का? आज लवकर?"

खोलीत गेलो तेव्हा नाना पलंगावर होते, गळ्यापर्यंत चादर, श्वास जरा चढलेला. चादरीबाहेर पावलं राहिली होती आणि त्यांना गोणपाटाचे धागे चिकटले होते.

"काय म्हणतात ढब्बीबाई?" मी विचारलं.

"ऱ्हास उभी," नाना म्हणाले. "सुमनबाई सांगे."

मला हसू आलं आणि डोळे भरले, दोन्ही एकदमच. पाणी पितो म्हणून आत गेलो.

२१ डिसेंबर, रविवार

सपनाशी बोललो. गोणपाट अंथरलं त्याच दिवसापासून नाना चालत आहेत. मी कामावर निघालो की ती शाळेत जायच्या आधी धरून चालवायची, मग दुपारी ते एकटेच पिंजऱ्यापर्यंत जायचे. मित्रालाही माहीत होतं. म्हणजे माझ्याखेरीज सगळ्यांना. सुमनबाईंना मात्र खरंच काही माहीत नव्हतं, त्यांनी केळी फुकट खाल्ली.

मी विचारलं, मला का नाही सांगितलं? ती म्हणाली, "तुम्ही उचलायला धावला असतात."

रागावायला हवं होतं. पण काल रात्री मी कित्येक दिवसांनी गाढ झोपलो. नाना चालतात. ढब्बी चालते. इतकं हलकं वाटतंय की आज रविवारच्या जादा पाळीला पॅकिंगच्या बाईने एक फणी पाडली तरी मी नुसतं "असू दे" म्हणालो. ती माझ्याकडे बघतच राहिली.

नानांना मी पाहिलं हे सांगितलेलं नाही. कसं सांगावं कळत नाही.

२८ डिसेंबर, रविवार

मित्रा सकाळच्या गाडीने येणार होती. मी गॅलरीत दारासमोर बसलो होतो, ढब्बी माझ्या बोटावर. उजवा पाय किंचित बाहेर आहे, तो तसाच राहील असं डॉक्टर म्हणाल्या, पण पकड घट्ट आहे. नखं रुततात ते छान वाटतं. सपना आत पुऱ्या तळत होती. नाना पलंगावर, आंघोळ करून, पांढरा सदरा घालून बसलेले. सदरा कशासाठी ते कोणी विचारलं नाही. विहारातल्या रविवारच्या वंदनेला अजून वेळ होता.

बेल वाजली.

सवयीने मी उठायला लागलो. मग बसलो.

"कोन ऊनं?" नानांनी विचारलं. "अरे, दार उघड ना."

"माझ्या हातावर ढब्बी आहे, नाना."

"सपना?"

"माझे हात पिठाचे," आतून सपना म्हणाली. पुऱ्या तर केव्हाच तळून झाल्या होत्या.

बेल पुन्हा वाजली. नानांनी गॅलरीच्या दारातून माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ. मी ढब्बीकडे पाहत राहिलो. मग पलंग करकरला.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "मी जास."

वॉकरचा आवाज झाला, मग पावलांचा. गोणपाट गॅलरीच्या बाजूला आहे, पुढच्या दाराकडे नुसती फरशी आहे, हे मला तेव्हा आठवलं. ढब्बीने बोट घट्ट धरलं होतं, की मीच तिला धरलं होतं, माहीत नाही. मी उठलो नाही. एक पाऊल, वॉकर, एक पाऊल. मध्येच थांबले. मी तरी उठलो नाही.

मग कडी निघाली आणि मित्राचा आवाज आला, "नाना! तुम्ही उघडलंत दार? पप्पा घरी नाहीत का?"

"मंग?" नाना म्हणाले. "तुना बाप घरमाच शे."